स्टार्टर का फिरत नाही

३ तारीख, मंगळवार

इंजिन बसलं एकदाचं. मेहुणबुवांनी वरून साखळी सांभाळली, मी खाली आडवा पडून बोल्ट आवळले, आणि संध्याकाळी चावी फिरवली तर व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू. मेहुणबुवा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चौकात त्याचं गॅरेज आहे आणि तोंडात चोवीस तास लवंग असते. म्हणाला, भाऊजी, हे इंजिन तुमच्यापेक्षा जास्त जगेल. चेष्टा आवडली नाही, पण इंजिनाचा आवाज आवडला.

इंजिन मोडीच्या आवारातून आणलंय, म्हणजे नवं फक्त आमच्यासाठी. त्याच्यासोबत स्टार्टर मिळाला नाही, तेव्हा आमच्याच जुन्या इंजिनाचा स्टार्टर पुसूनबिसून लावला. स्टार्टर म्हणजे काय, एक छोटी मोटर. मी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फिटर म्हणून जन्म काढला. माणसाएवढ्या मोटरी खोलून पुन्हा बसवल्यात, ही तर हातात मावते.

आता वीस तारखेला निघायचं. दादाला फोन करून सांगूनही टाकलं. वहिनी गेल्यापासून माझ्या या थोरल्या भावाला घर खायला उठतं. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, मागे मोठी शेड आहे. दोघं भाऊ मिळून पंप दुरुस्तीचं काम घेऊ. फिटिंग मला त्यानेच शिकवलं. रिटायर झालो म्हणून घरात बसून गंज चढवून घेणाऱ्यांतला मी नाही. सामान सगळं याच व्हॅनमधून न्यायचं. बायकोच्या शिलाईच्या चार मशिनी तेवढ्या विकाव्या लागतील, तिकडे त्यांना जागा नाही. तिला तसं सांगितलं. ती काहीतरी म्हणाली, पण मेहुणा तेव्हाच गाडी रेस करत होता, ऐकू आलं नाही.

४ तारीख, बुधवार

आंघोळ करून शेडमध्ये गेलो, चावी फिरवली. काही नाही. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, स्टार्टर मात्र मुका. काल संध्याकाळी चार जणांदेखत चालू झालेली गाडी. डोकं चक्रावलं.

आमच्या शेडमध्ये भर दुपारी अंधार असतो, म्हणून टॉर्च धरायला बायकोला बोलावलं. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच आहे. मी खाली घुसायचं आणि तिने उजेड धरायचा. माझा हात जिथे जाईल तिथे उजेड न सांगता जातो, हे मात्र मान्य करायला हवं. शोधता शोधता सापडलं: चावीकडून स्टार्टरकडे येणारी बारीक वायर निघून लोंबत होती. हादऱ्याने निघाली असणार. नवीन इंजिन, नवा हादरा.

खुशीत होतो, तेव्हा तिला समजावून सांगितलं. बारीक वायर हुकूम देते, जाड वायर ताकद देते. हुकूम पोचला आणि ताकद नाही पोचली, म्हणजे समज बॅटरीचा चिमटा सैल असला, की स्टार्टर नुसता टक् करतो आणि गप्प बसतो. ती म्हणाली, असं होय. वायर बसवली, गाडी सुरू. जेवण छान गेलं.

५ तारीख, गुरुवार

टक्.

सकाळी चावी फिरवली आणि नुसतं टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. बारीक वायर जागच्या जागी. मला वाटलं, जुना स्टार्टरच मेला. गाडीखाली जाऊन तो उतरवला. कोपर खरचटलं, डोळ्यात माती गेली. सगळा खोलून ब्रश घासले, वर बसलेला सोलेनॉइड, म्हणजे टक् करणारी डबी, हातात घेऊन कानाशी हलवून पाहिला. त्याच वेळी बायकोचं काहीतरी चाललं होतं, तिकडे मी काय करू, मला तिथे कोण ओळखतं वगैरे. मी म्हटलं, थांब जरा, सोलेनॉइड हातात आहे. मग ती थांबली.

स्टार्टर परत चढवला. तरी टक्. शेवटी बॅटरीवर सहज हात ठेवला तर चिमटा गरागरा फिरला. कपाळावर हात मारला. अर्धा दिवस गेला आणि बिघाड काय, तर एक नट. तोसुद्धा मी मंगळवारी स्वतः आवळलेला. मी आवळलेला नट आपणहून सैल होत नाही. पंपावर लोक माझे नट काढायला मलाच बोलवायचे.

तिला म्हटलं, नशीब समज इंजिनाची अर्थची पट्टी सुटली नाही. इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी ती पट्टी सैल झाली, की मोठमोठ्यांची भंबेरी उडते. करंटला परतीचा रस्ता सापडत नाही, मग तो अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून पळतो आणि केबल चुलीसारखी तापते. तिने विचारलं, ती पट्टी असते कुठे? दाखवली.

७ तारीख, शनिवार

आज स्टार्टर फिरला, पण उपकार केल्यासारखा. घर्र... घर्र... आणि दम तोडला. केबलला हात लावला तर चटका बसला. अर्थची पट्टी! बोल्ट अर्धा बाहेर.

मला घाम फुटला. जे बोललो ते झालं. परवाही असंच झालं होतं, चिमट्याचं तोंडातून निघालं आणि दुसऱ्या दिवशी चिमटा. आई म्हणायची, याची जीभ काळी आहे, याला वाईट बोलू देऊ नका. मी आयुष्यभर हसण्यावारी नेलं. आज आरशासमोर उभा राहून जीभ बाहेर काढून पाहिली. मागच्या बाजूला एक डाग आहे खरा. चहाचा असेल. असं म्हणतोय, पण खात्री नाही.

पट्टी आवळली. गाडी सुरू. पुढे काय बिघडू शकतं याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

८ तारीख, रविवार

मौन पाळलं. बायको दोनदा शेडमध्ये येऊन गेली. मग तिनेच विचारलं, तो काळा डबा कसला हो, काड्यापेटीएवढा? म्हटलं, रिले. आणि हे काय करतं? आता इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या कामात रस घेतला, तर काय मूग गिळून बसू? सांगितलं सगळं. रिले जरा वर उचलला गेला तरी हुकूम मध्येच अडतो हेही बोलून गेलो, आणि लगेच जीभ चावली. पण आतून फार बरं वाटत होतं. तिकडे गेल्यावर हिलाही शेडमध्ये हाताशी घेता येईल.

१० तारीख, मंगळवार

रिले. अर्थातच रिले.

हात टेकले आणि मेहुण्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, एकेक जागा पाहिली, बॅटरीचा चिमटा, पट्टीचा बोल्ट. बोल्टाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. विचारलं, भाऊजी, याला पाना कोणता लावला होतात? मी म्हटलं, रिंग पाना, मी दुसरा वापरतच नाही. तो म्हणाला, याच्या कडा पकडीने खाल्ल्यात. घरात पकड आहे का? घरात बायकोच्या मशीनच्या खणात एक आहे. तसं सांगितलं. तो हसला, लवंग या गालातून त्या गालात नेली आणि स्वयंपाकघरात बहिणीकडे गेला. बराच वेळ दोघांचं हळू आवाजात चाललं होतं. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

"भाऊजी," म्हणाला, "ही केस गॅरेजची नाही."

म्हटलं, मग कुणाची? कानावर हात ठेवून निघून गेला. वीस वर्षं गॅरेज चालवतो आणि एका स्टार्टरपुढे शेपूट घालतो. याच्यावर विसंबून मी इंजिन बदललं.

११ तारीख, बुधवार

सापडला! गुन्हेगार सापडला. आज बारीक वायर पुन्हा निघालेली, आणि तिच्या टोकाला निळ्या दोऱ्याचा गुंता. उंदीर! बायकोच्या शिलाईच्या खोलीतून दोरे, चिंध्या ओढून आणतो आणि उबेला इंजिनात घर करतो. वायरी हलतात त्या त्याच्याच पायी. काळ्या जिभेचं भूत उतरलं, केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.

उंदीर बोल्ट कसा फिरवेल, हा प्रश्न मनात आला. त्याचं उत्तर सध्या नाही.

बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, उंदीर नसेल हो. बायकांना उंदीर म्हटलं की नकोच वाटतं.

१२ तारीख, गुरुवार

बाजारातून सापळा आणला. पिंजरा नाही, दणका देणारा, जाड तारेचा. आज संध्याकाळी स्टार्टरच्या वर नेमका बसवला. तिला सांगितलं नाही, उगाच दया येईल.

१३ तारीख, शुक्रवार

सापळा उडालेला, पण आत उंदीर नाही. शेपूटही नाही. पण गाडी सुरू झाली! कुठेही हात न लावता, पहिल्या झटक्यात. म्हणजे साहेबांना दणका बसला आणि पळाले.

बायकोच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली आहे. मशीनमध्ये आलं म्हणाली. हळद लावायला सांगितली. तिच्याकडे शिवायला येणाऱ्या दोघी बायकांनी आज तिचं काम केलं. त्यांतली थोरली माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच काही केलंय.

१५ तारीख, रविवार

गाडी काल सुरू, आज सुरू. मशीनवाला, म्हणजे जुन्या मशिनी विकत घेणारा, आला. आज एकच नेली, बाकीच्या तीन बुधवारी नेणार. नेली ती तिची पहिली. चाकावरचा रंग हाताने घासून घासून पांढरा पडलेला. मला वाटलं होतं ती भाव करेल. ती दाराशीसुद्धा आली नाही. त्या दोघी बायका रिकाम्या जागेकडे बघत बसल्या, मग लवकर घरी गेल्या.

बायकोने भांड्यांची खोकी भरायला घेतली. मी सांगितलं नव्हतं. डाव्या हाताने भरत होती.

१७ तारीख, मंगळवार

गाडी रोज सुरू होते. मी खुश असायला हवं आणि नाही. सकाळी चावी फिरवतो, इंजिन धडधडतं, आणि मला वाटतं काहीतरी चुकतंय. कान लावून ऐकलं. इंजिन ठीक आहे. मग ध्यानात आलं, घरातून आवाज येत नाही. एरवी मी शेडमध्ये असलो की भिंतीपलीकडे मशिनींची खडखड चालू असते. ती बंद आहे.

दुपारी सापळा माळ्यावर टाकायला घेतला. बायको हात धुवत होती, बोटांची चिंधी सोडलेली. दोन्ही बोटांवरून एक सरळ रेघ, काळीनिळी. सुई अशी लागत नाही. सुई टोचते. माझं सगळं आयुष्य नजरेने मापं घेण्यात गेलं, बोल्ट बघून पाना सांगायचो. हातातल्या सापळ्याची तार पाहिली, बोटं पाहिली. एकच माप.

मी तिथेच खाली बसलो. मेहुण्याचं पकडीबद्दलचं बोलणं, निळा दोरा, ती पट्टी असते कुठे, सगळं एकदम अंगावर आलं, आणि तरी मला अर्थ लागेना. बिघाड कुठे ते कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. विचारलं ते असं विचारलं:

"उंदीर तू होतीस?"

"हो," ती म्हणाली.

मी आधी भडकलो, खोटं कशाला लिहू. म्हटलं, मी स्वतःची जीभ तपासत बसलो, मेहुण्यापुढे तोंडघशी पडलो, गाडीखाली कोपर सोलून घेतलं, आणि तू वर टॉर्च धरून उभी? तोंडाने सांगायला काय झालं होतं? तिने हात पुसले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"सांगितलं. इंजिन बसवलं त्या दिवशी सांगितलं, तुमच्या हातात तो सोलेनॉइड होता तेव्हा सांगितलं. त्याच्याही आधी कितीदा. गाडीने नुसतं टक् केलं तर तुम्ही पोटावर झोपून कान लावता. मी बोलले की थांब जरा."

मग म्हणाली, ही खोली मी उभी केली. या दोघींना मी सुई धरायला शिकवलं. रस्त्यातून जाताना लोक मला माझ्या कामाने हाक मारतात. तिकडे मी काय, तुम्हा दोघा भावांचा चहा करत बसणार. असं सगळं एका दमात, बेसिनचा नळ चालूच. मी उठून नळ बंद केला, एवढंच सुचलं.

विचारलं, मग बंद का केलंस? म्हणाली, सापळा उडाला तेव्हा वाटलं, पुरे. आपल्याच घरात चोरासारखं किती दिवस.

बोटं दुखतात का, हे विचारायचं राहिलं. आता ती झोपली असेल.

१८ तारीख, बुधवार

सकाळी पहिल्यांदा बोटांचं विचारलं. दुखतात म्हणाली.

मशीनवाला तीन मशिनी न्यायला आला, त्याला परत पाठवलं. तो चिडला, हातगाडी घेऊन आला होता. म्हटलं, आमचा घोटाळा झालाय. तो म्हणाला, कसला? म्हटलं, तेच बघतोय.

मग दादाला फोन. नंबर लावायला हात उचलेना. शेडमध्ये गेलो, बॉनेट उघडून उगाच उभा राहिलो. एकदा मनात आलं, बारीक वायर काढून ठेवावी आणि सांगावं, गाडीच सुरू होत नाही दादा, काय करणार. हात वायरीपर्यंत गेलाही होता. पण तोच तर तिचा रस्ता होता, आणि तिने तो माझ्यामुळे धरला होता. बॉनेट लावून घरात आलो.

"झालं का गाडीचं?" दादाने उचलताच विचारलं.

"झालं. मस्त चालते."

"मग परवा निघताय."

"नाही दादा. ती नाही म्हणते."

मला वाटलं रागावेल, बायकोचं ऐकतोस म्हणेल. 

"वरच्या खोलीला रंग दिलाय मी," तो म्हणाला.

  तो एकटा जिन्यावर चढून, या वयात, रंग देत बसला असेल. मी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं, तिलाही नव्हतं. नुसती तारीख ठरवून दोघांना कळवली होती. मग दादाच म्हणाला, भेटायला तरी या, दोघं या, रंग वाया जायला नको. म्हटलं, तिला विचारून सांगतो. यावर तो जरा हसला असावा.

दिवसभर सुन्न आहे. दादाचं वाईट वाटतं, तिचंही वाटतं, आणि स्वतःचं तर फारच. तिकडच्या शेडमध्ये हत्यारं कुठे टांगायची तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. बरोबर केलं की चूक, कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. ती संध्याकाळी भांड्यांची खोकी उघडून भांडी परत लावत होती. मी एक खोकं उघडलं. चुकीच्या फळीवर लावली म्हणून तिने सगळी काढून पुन्हा लावली.

१९ तारीख, गुरुवार

गेलेली मशीन परत आणायला व्हॅन घेऊन निघालो. नव्या इंजिनाची पहिली खरी फेरी ही. घरून निघताना झोकात सुरू झाली. ती शेजारच्या सीटवर, मांडीवर दोरीचं भेंडोळं. वाटेत मी इंजिनाच्या आवाजाबद्दल काहीतरी सांगायला लागलो आणि मध्येच थांबून विचारलं, तू काही म्हणत होतीस का? नाही म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, तुमच्या दादांकडे आठ दिवस जाऊ या, मशीन आधी जागेवर लागू दे. बरं म्हटलं.

मशीनवाल्याने चाकाला तेल लावून, नवा पट्टा घालून मशीन दुकानाच्या दर्शनी भागात मांडली होती. परत द्यायला कुरकुर केली. त्याच्याशी ती बोलली, मी दाराशी उभा राहिलो. काय बोलली माहीत नाही, पण शेवटी त्यानेच मशीन उचलून मागे चढवून दिली. तिने स्वतः बांधली, दुखऱ्या बोटांनी, मला हात लावू दिला नाही. मग येऊन बसली आणि दार ओढलं.

मी चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. मी हळूच तिच्याकडे बघितलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती.

"मी नाही हं," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हटलं. "आज तुला घरी जायचंय."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे ते मला कळेना, आणि या खेपेला मी अंदाज करत बसलो नाही, विचारलं. तिने मानेनेच थांबा म्हटलं. मी थांबलो. मागून मशीनवाला ओरडून विचारत होता की धक्का मारायचा का.